शय्यामूत्र : योरुबा वैद्यकाकडून काय घ्यावे?

शय्यामूत्रावरील हमखास योग कळवावा, अशी मागणी वैद्यवर्गात जितक्या वेळा होते तितकी दुसऱ्या बालरोगासंबंधी क्वचितच होत असेल. हे स्वाभाविकही आहे. व्याधी जीवघेणी नाही, पण घरातील प्रत्येकाची झोप ती मोडते. आई रोज पहाटे गोधड्या वाळत घालते, मूल शाळेच्या सहलीला जाण्याचे टाळते आणि वडील ‘लाड फार झाले’ म्हणून हात उगारतात. अशा वेळी वैद्याकडून अपेक्षा असते ती एका पुडीची, आणि पुडी देणे वैद्यालाही सोपे वाटते.

अलीकडे या मागणीला एक नवे वळण लागले आहे. आपल्या ग्रंथांतील व परसातील उपाय सांगून झाले की काही उत्साही वैद्यबंधू परदेशी लोकवैद्यकाकडे वळतात. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या वनौषधींचा उल्लेख अशा चर्चांत आता वारंवार होतो. ‘त्यांच्याकडे शय्यामूत्रावर रामबाण पाने आहेत म्हणे, आपल्याकडे ती मिळतील काय?’ असा प्रश्न आम्हांस विचारला गेला. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. योरुबांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते पानात सापडणार नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आपली बाजू

प्रथम आपली बाजू पाहू. चरक व सुश्रुत यांनी शय्यामूत्राचे स्वतंत्र वर्णन केलेले नाही. शार्ङ्गधराने मात्र बालरोगांच्या गणनेत त्याला नावानिशी स्थान दिले आहे. पुढे वैद्यपरंपरेने व गृहवैद्यकाने या व्याधीभोवती बरेच उपाय जमविले. तीळगूळ तर महाराष्ट्रातील प्रत्येक आजीस ठाऊक आहे. तोंडल्याचे मूळ, जांभळाच्या बियांचे चूर्ण, ब्राह्मी, शंखपुष्पी, चंद्रप्रभा आणि काही ठिकाणी खुरासनी ओवा अशी ही यादी लांबत जाते. एवढी लांब यादी पाहिली की आम्हांस नेहमी एक शंका येते. ज्या व्याधीवर इतके उपाय ‘लागू पडतात’, ती व्याधी पुष्कळदा आपली आपणच बरी होत नसेल ना?

ही शंका निराधार नाही. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात, दहाव्या वर्षी सुमारे पाच आणि प्रौढपणी एखादे-दुसरे. दरवर्षी त्यांतील सुमारे पंधरा टक्के मुले कोणत्याही उपचारावाचून बरी होतात. याचा अर्थ असा की, शंभर मुलांना वर्षभर नुसती साखरेची पुडी दिली तरी पंधरा आया वैद्याच्या हाताला यश असल्याचे सांगतील. ‘अनुभूत योग’ हे शब्द लिहिताना आपण हा हिशेब मनाशी ठेवतो काय?

योरुबांचा देश आणि त्यांचे वैद्यक

योरुबा लोकांची मुख्य वस्ती नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात असून शेजारच्या बेनिन देशातही ते मोठ्या संख्येने राहतात. इबादान, अबेओकुटा, इले-इफे ही त्यांची नामांकित नगरे. त्यांचा औषधवैद्य म्हणजे ‘ओनिशेगुन’, तर दैवप्रश्न पाहून उपाय सांगणारा तो ‘बाबालावो’. वनस्पतींची देवता ‘ओसान्यिन’. आपल्याकडे जसा गांधी असतो, तशी त्यांच्या बाजारात वाळलेली द्रव्ये विकणारी ‘लेकुलेजा’ मंडळी असतात. ताजा पाला विकणाऱ्या बायकांना ‘एलेवे ओमो’ म्हणतात. या नावातच ‘मुलांची पाने’ असा अर्थ आहे. बालकांचे औषध हा या वैद्यकाचा किती मोठा भाग आहे, हे एवढ्या एका नावावरून ध्यानी यावे. इबादानची बोदे बाजारपेठ अशा द्रव्यांसाठी प्रसिद्ध आहे.

त्यांच्या औषधीकल्पना वाचताना आपल्या वैद्यास घरी आल्यासारखे वाटेल. ‘अग्बो’ म्हणजे पाने, साली, मुळे यांचा काढा किंवा हिम. ‘अगुन्मु’ म्हणजे कुटून केलेले चूर्ण. ‘एतु’ ही द्रव्ये जाळून केलेली काळी मषी. ‘असेजे’ म्हणजे औषधी द्रव्ये घालून शिजविलेले अन्न. यांशिवाय औषधी साबण आहे आणि त्वचेवर बारीक छेद घेऊन त्यांत मषी चोळण्याची ‘गबेरे’ नावाची क्रिया आहे. द्रव्येही सर्वस्वी परकी नाहीत. त्यांची ‘एफिन्रिन’ ही आपली रामतुळस होय. कडू ‘एवुरो’ आपल्या काळ्या जिऱ्याच्या वंशातील, तर तिखट ‘अतारे’ वेलदोड्याच्या कुळातील.

या वैद्यकाचा अभ्यास दोन परदेशी विद्वानांनी मनापासून केला. पिएर व्हर्जे हे मूळचे फ्रेंच छायाचित्रकार. 1953 साली ते बाबालावोंच्या परंपरेत दीक्षित झाले. त्यांचा योरुबा वनस्पतींवरील ‘एवे’ हा ग्रंथ 1995 साली ब्राझीलमध्ये प्रकाशित झाला. अँथनी बक्ली यांनी इबादानच्या वैद्यांजवळ बसून जे टिपले, ते ‘योरुबा मेडिसिन’ या नावाने 1985 साली ग्रंथरूप झाले. व्हर्जे दाखवितात की पानाचे नाव, त्यावर म्हटला जाणारा ‘ओफो’ हा मंत्र आणि अपेक्षित क्रिया यांत शब्दसाम्याचा दुवा असतो. पान उच्चाराने जागे झाल्यावाचून ते औषध होत नाही, अशी तेथील श्रद्धा आहे. बक्ली सांगतात की योरुबा वैद्याच्या मते शरीरात कृमींना जागा आहे. ते मर्यादेत असतात तोवर शरीराचे काम चालते. आहारविहाराच्या अतिरेकाने, विशेषतः गोडाच्या, ते मातले की रोग होतो. दोष सम असता आरोग्य व विषम झाले असता रोग, असे मानणाऱ्या आपणांस हा विचार परका वाटू नये.

आता मूळ प्रश्न : शय्यामूत्रावर योरुबांचे औषध कोणते? एका व्याधीसाठी तेथे एकच ठरलेला योग नसतो. निरनिराळ्या वैद्यांचे निरनिराळे योग असतात आणि पुष्कळसे गुरुमुखानेच पुढे जातात. पाने, मंत्र, पथ्य आणि वैद्याचे त्या घराशी असलेले नाते मिळून तो उपचार सिद्ध होतो. त्यांतून पान तेवढे खुडून नाशिकच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यात आणणे म्हणजे आपल्या पंचकर्मातील केवळ एरंडेल उचलून परदेशी विकण्यासारखे आहे.

बेडकाची गोष्ट

शय्यामूत्राच्या इतिहासावर लिहिणारे पाश्चात्त्य डॉक्टर पश्चिम आफ्रिकेतील एक उपाय आवर्जून सांगतात. मुलाच्या अंगाशी बेडूक बांधायचा. रात्री मूत्र झाले की ओला झालेला बेडूक ओरडतो आणि मूल जागे होते. ही गोष्ट बहुधा हसण्यासाठी सांगितली जाते. आम्हांस मात्र तीत हसण्यासारखे काही दिसत नाही.

1904 साली फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातील मुलांच्या बिछान्यांवर ओल लागताच घंटा वाजेल अशी विद्युत्-योजना केली. हेतू एवढाच, की परिचारिकेने वेळेवर दुपटे बदलावे. काही दिवसांनी दिसून आले की मुले कोरडी राहू लागली आहेत. 1938 साली अमेरिकेत मौरर दांपत्याने हीच पद्धत उपचार म्हणून मांडली. घंटेचा हा उपाय नेटाने केल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुलांना त्याचा लाभ होतो आणि आजही तो प्रथम श्रेणीचा मानला जातो. बेडकाच्या आणि घंटेच्या मागील युक्ती एकच आहे. भरलेल्या बस्तीची संवेदना व जागृती यांची गाठ पडत नाही, ती घालून द्यायची. ज्याने बेडूक बांधण्याचे सुचविले, त्याने संप्राप्ती अचूक हेरली होती. मुलाला झालेला त्रास व बेडकाचे हाल आपण टाळू. त्याची निरीक्षणशक्ती मात्र अवश्य घ्यावी.

पाणी तोडण्याचा उपाय

या विषयातील सर्वांत गंभीर भाग आता येतो. नायजेरियात काय किंवा आपल्याकडे काय, शय्यामूत्राचा पहिला घरगुती उपाय एकच असतो. दिवेलागणीनंतर मुलाला पाणी द्यायचे नाही. हा उपाय इतका निरुपद्रवी वाटतो की तो सांगताना वैद्य नाडीही पाहत नाही.

नायजेरियात प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोक सिकलसेलचे वाहक आहेत आणि दरवर्षी अदमासे दीड लाख मुले हा आजार घेऊन तेथे जन्मास येतात. सिकलसेलमध्ये रक्तकण विळ्यासारखे वाकडे होतात, हे सर्वश्रुत आहे. वृक्काच्या अंतर्भागात प्राणवायू कमी व क्षार अधिक असल्यामुळे तेथे हे कण फार लवकर वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या रोधतात आणि मूत्र घट्ट करण्याची वृक्काची शक्ती बालपणीच क्षीण होते. परिणामी मूल दिवसरात्र भरपूर व पातळ मूत्रविसर्जन करते. अशा मुलांत शय्यामूत्राचे प्रमाण इतर मुलांहून कितीतरी अधिक असते. त्यांची तहान ही शरीराने केलेली भरपाई असते. ती तोडली तर शरीर सुकते, रक्त घट्ट होते आणि सांधे, हाडे, पोट यांत असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे जो उपाय निरोगी मुलास फार तर निरुपयोगी ठरेल, तोच या मुलास रुग्णालयात पोहोचवील.

योरुबा समाजात ‘अबिकू’ ही फार जुनी कल्पना आहे. वारंवार जन्म घेऊन बालपणीच मरून जाणारे मूल म्हणजे अबिकू. अशा मुलाने या खेपेस राहावे म्हणून त्याचे नाव ‘मालोमो’, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, किंवा ‘दुरोजाये’, म्हणजे ‘थांब आणि आयुष्य भोग’, असे ठेवीत. या बालमृत्यूंमागील एक मोठे कारण सिकलसेल असावे, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. हे वाचताना आपल्याकडील दगडू, धोंडू, केरबा ही नावे कोणास आठवणार नाहीत? मुले जगत नसत, त्या घरांत ती ठेवली जात. विदर्भातील व खानदेशातील आदिवासी पट्ट्यांत, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट व नंदुरबार येथे, तसेच विदर्भातील इतरही काही समाजांत सिकलसेल आहे. हाच योरुबांच्या देशाचा आणि आपला खरा दुवा आहे.

आमची चूक

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील एक माउली आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. तक्रार एकच : रोज रात्री अंथरूण ओले. मूल किरकोळ अंगाचे व किंचित पिवळसर होते. आम्ही ‘कृमी असतील’ असे म्हणालो, मूत्रसंग्रहणीय योग दिला आणि सायंकाळी पाचनंतर पाणी बंद करण्यास बजावले. दिवस वैशाखाचे होते. चौथ्या रात्री ते मूल गुडघे व पाठ धरून किंचाळू लागले. रुग्णालयात सलाइन लागले, रक्त तपासले गेले आणि सिकलसेलचे निदान झाले. मुलगा वाचला. नंतर आई भेटली तेव्हा तिने दोष दिला नाही. त्याची हाडे नेहमीच दुखतात, तो रात्री घटाघटा पाणी पितो आणि त्याच्या आधीची बहीण लहानपणीच गेली, हे सारे तिने सहज सांगितले. पहिल्या दिवशीही ती हे सांगू शकली असती. आम्ही विचारले नव्हते.

निदानपंचक आम्हांस मुखोद्गत होते. उपशय-अनुपशयाचा अर्थ परीक्षेत लिहून आम्ही गुणही मिळविले होते. परंतु समोर ‘साधी’ व्याधी दिसताच विद्या बाजूस राहिली आणि हात पुडीकडे गेला. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ या म्हणीचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

योरुबांनी स्वतः काय केले

योरुबांनी आपल्या परंपरेस कसे वागविले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडे ‘ओरिन अता’ नावाच्या झाडाच्या मुळाची काडी दातांसाठी चावतात. हे झाड आपल्या तिरफळाचे व तेजबळाचे सगोत्र होय, आणि तेजबळाच्या काड्याही दातवण म्हणून वापरात आहेतच. या मुळाच्या अर्काने विळ्याच्या आकाराचे रक्तकण पूर्ववत होतात काय, याचा अभ्यास सोफोवोरा व त्यांच्या सहकाऱ्याने करून 1971 साली प्रसिद्ध केला. पुढे योरुबा धर्मोपदेशक रेव्हरंड ओगुन्याले यांनी सिकलसेलवरील एक पारंपरिक योग अबुजा येथील राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेच्या स्वाधीन केला. त्यात काय होते? मिरीच्या जातीची एक बी, रक्तचंदन व बिबळा यांच्या वंशातील एका वृक्षाचे खोड, लवंग आणि ज्वारीची पाने. चारांपैकी दोन द्रव्ये आपल्या स्वयंपाकघरात व शेतात आहेत, उरलेल्या दोहोंचे भाऊबंद आपल्या निघंटूंत!

त्या संस्थेने योगाचे प्रमाणीकरण केले व रुग्णांवर चाचणी घेतली. वेदनेचे तीव्र झटके कमी झाल्याचे तीत दिसून आले आणि 2001 साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. 2006 साली औषध बाजारात आले. परंतु उत्पादक कंपनी 2008 साली दिवाळखोरीत गेली आणि पुरवठा खुंटला. एका चाचणीवर विसंबता येणार नाही, मोठ्या चाचण्या हव्यात, हे मान्यच आहे. तरीही गुप्त योग खुला करण्याचे आणि त्याची परीक्षा होऊ देण्याचे धैर्य येथे दाखविले गेले, ते आम्हांस अनुकरणीय वाटते.

याची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. मुलांच्या आकडीवर योरुबा घरांतून गोमूत्राचा एक योग दिला जात असे. गोमूत्रात तंबाखूची पाने, लसूण, कांदा, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबूरस व खडेमीठ भिजवीत. या योगाने मुलांची रक्तशर्करा घसरते, श्वास मंदावतो व काही दगावतात, हे इबादानच्या डॉक्टरांनी लिहून प्रसिद्ध केले. गोमूत्र आपणांस पूज्य आहे, परंतु तंबाखूचे विष पूज्यतेने उतरत नाही. परंपरेवर प्रेम करणाऱ्यानेच तिच्यातील घातक भाग निर्भयपणे दाखवावा लागतो. परक्याने दाखविला तर तो अपमान ठरतो.

आपण काय करावे

पाच वर्षांखालील मुलाच्या शय्यामूत्रास व्याधी समजू नये व औषधही देऊ नये. त्यापुढील मुलाबाबत पुडी बांधण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. मूल कधी सहा महिने सलग कोरडे राहिले होते काय? नंतर पुन्हा सुरू झाले असल्यास घरात काय घडले : नवे भावंड, शाळेतील भीती, कोणाचा मार, की याहून न बोलण्याजोगे काही? तहान किती? वजन उतरते आहे काय? असल्यास रक्तशर्करा त्याच दिवशी पाहावी. मलावरोध आहे काय? मूल घोरते काय? मूत्रदाह, ज्वर? चालीत, पाठीच्या कण्यात काही वैगुण्य? हाडे-सांधे दुखतात काय, डोळे पिवळे होतात काय, भावंडे लहानपणी गेली काय, कुळात कोणास सिकलसेल आहे काय? अखेरच्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर पाणी तोडण्याचा शब्दही न काढता रक्ततपासणीस पाठवावे. बोटाच्या एका थेंबावर होणारी प्राथमिक चाचणी सोपी आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानाने तर सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. या कामी आदिवासी भागातील आपला वैद्य बाजूला राहिला, तर तो दोष आपला असेल.

आमच्या संघटनेपुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, वरील प्रश्नांची एक पानी रुग्णपत्रिका छापून प्रत्येक सभासदास द्यावी. दुसरी, नियतकालिकात कोणताही ‘अनुभूत योग’ छापताना द्रव्याचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, मात्रा, मुलांची वये, एकूण रुग्णसंख्या आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची संख्या हे सहा रकाने सक्तीचे करावेत. योग योरुबांचा असो वा आपल्या आजीचा, नियम एकच असावा. सहावा रकाना रिकामा असेल तर लेख परत पाठवावा.

एक गोष्ट सर्वांहून सोपी आहे व तिला खर्चही नाही. मुलास मारू नये, हिणवू नये, त्याचे ओले अंथरूण चारचौघांत दाखवू नये, हे आई-वडिलांना वैद्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. मूल हे जाणूनबुजून करीत नाही. वडील स्वतः लहानपणी असेच करीत होते काय, हे हळूच विचारावे. आई-वडिलांपैकी एकास हा त्रास झालेला असेल तर मुलास तो होण्याचा संभव सुमारे चाळीस टक्के असतो आणि दोघांसही झालेला असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. या प्रश्नानंतर उगारलेला हात बहुधा खाली येतो, असा आमचा अनुभव आहे.

तेव्हा योरुबांची पाने आपल्याकडे मिळतील काय, असे विचारणाऱ्या वैद्यबंधूंस आमचे उत्तर असे : पाने तेथेच राहू द्यावीत. बेडकामागील निरीक्षण, योग खुला करणाऱ्या ओगुन्याले यांचे औदार्य आणि स्वतःच्या परंपरेस प्रश्न विचारणाऱ्या इबादानच्या डॉक्टरांचे धैर्य या तीन गोष्टी आणाव्यात. त्यांवर कोणतेही सीमाशुल्क नाही. आणि पुढच्या वेळी एखादी माउली ओल्या गोधडीची तक्रार घेऊन येईल, तेव्हा पुडीच्या कागदाला हात लावण्यापूर्वी तिला बसावयास सांगावे आणि मूल रात्री पाणी किती पिते, एवढे तरी विचारावे.